पूर्वरंगाचे मानकरी

बेंगळूरहून होसूरकडे जाणारा रस्ता धरला, की शहराच्या आग्नेय टोकास काचेच्या उंच इमारतींची एक वसाहत लागते. इलेक्ट्रॉनिक सिटी हे तिचे नाव. कर्नाटक राज्याच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर ती आखली. अग्रहार म्हणजे विद्वानांना दिलेले इनामगाव. त्या नावाच्या भूमीवर पुढे संगणकाचे शास्त्री येऊन राहिले, हा योगायोग मजेचा खरा. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली इन्फोसिस कंपनी १९८३ मध्ये बेंगळूरला गेली आणि १९९४ साली तिने आपले मुख्य ठाणे याच वसाहतीत हलविले. तिच्या आणि इतर कंपन्यांच्या आश्रयाने पुणे, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव या बाजूंची मराठी मुले मोठ्या संख्येने इथे आली. शुक्रवारी सायंकाळी कोल्हापूर-पुण्याकडे सुटणाऱ्या बसगाड्या त्यांनीच भरून जातात.

ज्यांना गावी जायचे नसते त्यांच्यापुढे दोन दिवसांची सुटी पसरलेली असते. कोणी झोपतो, कोणी डोंगर चढायला जातो आणि कोणी पलंगाखाली ठेवलेली गिटार बाहेर काढतो. ज्या घरात चार जण भाडे वाटून राहतात त्याच घराच्या एका कोपऱ्यात ड्रमसेट रचलेला असतो, आणि शेजारपाजारच्या दुपारच्या झोपेचा अंदाज घेत तालीम चालते. बेंगळूर हे रॉक संगीताचे भारतातील माहेरघर मानले जाते. रॉजर वॉटर्स २००२ साली येथे येऊन गेला, रोलिंग स्टोन्स २००३ साली आले. अशा थोरांना डोळे भरून पाहावे, आणि जमलेच तर कधी तरी त्यांच्या मंचावर, त्यांच्या आधी अर्धा तास उभे राहावे, एवढीच त्या कोपऱ्यातल्या ड्रमसेटची महत्त्वाकांक्षा असते.

तो अर्धा तास म्हणजे नेमके काय, याची कथा १७ मार्च २००७ या तारखेपासून सुरू करणे सोयीचे आहे. तो शनिवार होता. त्या दिवशी लंडनचा आयर्न मेडन हा बँड भारतात पहिल्यांदाच वाजविणार होता, आणि स्थळ होते बेंगळूरचे पॅलेस ग्राउंड्स, म्हणजे म्हैसूरकर राजांच्या वाड्याचे मैदान. इलेक्ट्रॉनिक सिटीतून तिथे जायचे तर सारे शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे आडवे कापावे लागे. होसूर रस्त्यावरचा लांबलचक उड्डाणमार्ग जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. २००७ मध्ये तो नव्हता. म्हणून सायंकाळच्या कार्यक्रमासाठी दुपारीच घराबाहेर पडावे लागे. आयर्न मेडनच्या चाहत्यांचा गणवेश ठरलेला आहे. काळा टी-शर्ट, त्यावर बँडचे ते सुप्रसिद्ध सांगाडारूपी भूत. वारकऱ्याला जशी तुळशीची माळ, तसे त्यांना ते चित्र.

त्या सायंकाळी मुख्य बँडच्या आधी दोन नावे होती. एक लॉरेन हॅरिस ही इंग्रज गायिका. आयर्न मेडनचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याची ती कन्या, आणि तिची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती. दुसरे नाव ‘परिक्रमा’. हा दिल्लीचा बँड १७ जून १९९१ रोजी स्थापन झाला. दिल्ली विद्यापीठाच्या किरोडीमल महाविद्यालयाच्या परिसरात त्याची पाळेमुळे. नितीन मलिक गाणारा, सुबीर मलिक कीबोर्डवर, सोनम शेर्पा गिटारीवर. पुढे वाद्यमेळात व्हायोलिनही आले. उत्तरेकडच्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत ‘परिक्रमा’चे नाव पत्रिकेवर शेवटी, म्हणजे मानाच्या जागी, छापले जाई. सोळा वर्षे असा मान भोगलेला बँड बेंगळूरच्या त्या मैदानावर मात्र पूर्वरंगाला उभा राहिला.

पूर्वरंग हा शब्द येथे सहज सुचतो, कारण आधी कोणी आणि मग कोणी या व्यवस्थेला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातही पूर्वरंग आहे आणि नारदीय कीर्तनातही आहे. तमाशात वग उभा राहण्याआधी गण होतो, गवळण होते. परंतु जरा बारकाईने पाहिले तर हे साम्य फार दूरवर जात नाही. कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग एकच बुवा रंगवितात. निरूपण करणारा आणि आख्यान लावणारा वेगळा नसतो. गणात ज्याला आळविले जाते तो गणपती वगाच्या कथेलाही चालतो. पूर्वभाग हा तिथे त्याच देहाचा पहिला अवयव असतो. रॉकच्या मैदानावर मात्र दोन अनोळखी घराणी एका मांडवात येतात, आणि मांडव एकाच घराण्याचा असतो.

त्यातल्या त्यात जवळचा दाखला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा. कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशी यांनी तो १९५३ साली सुरू केला. तिथे सत्राच्या आरंभी बहुधा तरुण कलावंत बसतो, आणि महोत्सवाची सांगता वर्षानुवर्षे भीमसेनांनीच करावी असा शिरस्ता पडून गेला होता. आरंभीच्या गायकाला तिथेही रिकाम्या खुर्च्या दिसतात, उशिरा येणाऱ्यांच्या चपला वाजतात, बटाटेवड्याचा वास येतो. पण समोर बसलेला श्रोता रागाचा असतो, एका माणसाचा नसतो. मुलतानी चांगला लागला तर गाणाऱ्याचे वय किती हे तो विचारीत नाही. आयर्न मेडनच्या मैदानावरचा श्रोता असा रागाला वाहिलेला नसतो. त्याने तिकीट काढलेले असते एका नावासाठी, तो दुपारपासून उन्हात उभा असतो त्या नावासाठी. आणि त्या नावाच्या आड जो कोणी येईल तो त्याला दाराशी रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. जगभर मेडनच्या मैफलीत प्रेक्षक ‘मेडन, मेडन’ असा ठेका धरतात. हा ठेका मुख्य बँड मंचावर आल्यावर सुरू होत नाही. तो बऱ्याच आधीपासून चाललेला असतो. पहिल्या बँडला आपले पहिले गाणे त्या ठेक्यावर पाय देऊन सुरू करावे लागते.

या मामल्यात कामाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे, कारण अपमान आणि सोय यांची सरमिसळ तिथे फार झालेली असते. मोठ्या मैफलीत ध्वनीची चाचणी, ज्याला साउंडचेक म्हणतात, ती उलट्या क्रमाने होते. जो शेवटी वाजविणार तो सर्वांत आधी चाचणी घेतो. त्याची वाद्ये, त्याचे माइक, त्याच्या मिक्सरवरच्या खुणा सर्व जागच्या जागी राहतात. जो पहिला वाजविणार त्याची चाचणी शेवटी. हेतू शुद्ध आहे. शेवटच्या चाचणीचीच मांडणी कार्यक्रमाच्या आरंभी तशीच सापडावी. प्रत्यक्षात मात्र मोठ्यांची चाचणी लांबते, दारे उघडण्याची वेळ होते आणि लहानांच्या वाट्याला केवळ तारांची तपासणी येते: ड्रमवर चार ठोके, गिटारीचे दोन स्वर, ‘आवाज येतो आहे ना’ एवढे विचारून मोकळे व्हायचे. आपल्या पायांपाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून आपलेच गाणे कसे ऐकू येणार, हे त्यांना पहिल्या गाण्याच्या मध्यावर कळते.

जागेचेही तसेच. मुख्य बँडचा ड्रमसेट उंच ओट्यावर आधीच रचलेला असतो आणि त्यावर काळे कापड पांघरलेले असते. त्या झाकलेल्या डोंगराच्या पुढ्यात जी पट्टी उरेल तीवर पाहुण्या बँडने आपला संसार मांडायचा. प्रकाशयोजनेतले थोडे दिवे त्यांच्यासाठी. बाकीचे राखून ठेवलेले. आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवतात असा संशय जगभरच्या पूर्वरंगी बँडना असतो, आणि तो दरवेळी खोटा असतो असे म्हणवत नाही. पाश्चात्य देशांत तर मोठ्या बँडच्या दौऱ्यात सामील होण्यासाठी लहान बँडनेच पैसे मोजण्याचीही चाल आहे. वऱ्हाडात जागा मिळावी म्हणून वऱ्हाड्यानेच आहेर करावा, तशातला हा प्रकार.

भारतात यात आणखी एक भर पडते. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. सरकारने काही दिवसांपुरती सवलत दिली तरच अपवाद. मुख्य बँडला दोन तास हवे असतात, मध्ये सामान हलविण्यास अर्धा-पाऊण तास. म्हणजे मागे मागे मोजत गेले की पहिल्या बँडची वेळ टळटळीत उजेडात येऊन पडते. रॉक संगीताचे अर्धे वैभव अंधार आणि दिवे यांवर उभे असते. उन्हात डोळे बारीक करून उभ्या असलेल्या गायकाला तेवढे वैभव वजा करून गावे लागते. शिवाय कुठेही उशीर झाला, की कात्री लागते ती त्याच्याच अर्ध्या तासाला. सहा गाण्यांची चार होतात. कोणती दोन गाळायची हे मंचाच्या पायऱ्यांवर उभे राहून ठरवावे लागते.

इतके असून ही जागा मागणाऱ्यांची रांग संपत नाही. याचे कारण निव्वळ हौस असे म्हटले तर ते खरे होणार नाही. इतिहासात डोकावले तर मोठ्यांपैकी बहुतेकांनी ही पायरी चढलेली आहे. बीटल्स १९६३ च्या फेब्रुवारीत हेलन शपिरो या किशोरवयीन गायिकेच्या दौऱ्यात दुय्यम नावाने हिंडत होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रॉय ऑर्बिसनच्या दौऱ्यात त्यांना शेवटचा मान द्यावा लागला. उलट उदाहरण जिमी हेंड्रिक्सचे. जुलै १९६७ मध्ये त्याला अमेरिकेत ‘द मंकीज’ या बँडच्या आधी वाजविण्यास ठेवले. समोर शाळकरी मुली, मंकीजमधल्या डेव्ही जोन्ससाठी आतुर झालेल्या. आणि मंचावर विसाव्या शतकातला एक अलौकिक गिटारवादक. थोड्याच प्रयोगांत हेंड्रिक्सने तो दौरा सोडला. कलावंत थोर असला म्हणजे पूर्वरंग जमतोच असे नाही. समोरची माणसे कोणासाठी आली आहेत याला अखेरीस फार महत्त्व असते.

स्वतः आयर्न मेडनने १९८० साली हे दिवस पाहिले होते. त्या वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या दौऱ्यात त्यांनी जूडास प्रीस्टच्या आधी वाजविले, आणि उन्हाळा सरताना ‘किस’ या अमेरिकन बँडच्या युरोपातील दौऱ्यात त्यांना पहिली जागा मिळाली. त्यांची पहिली तबकडीही त्याच वर्षीची. म्हणजे सत्तावीस वर्षांनी बेंगळूरच्या मैदानावर ज्या बँडच्या काळ्या कापडाने झाकलेल्या ओट्यापुढे ‘परिक्रमा’ उभी होती, तो बँड स्वतः परक्या ओट्यांपुढे उभा राहून मोठा झालेला होता.

बेंगळूरला परक्या दरबारी येऊन आपली विद्या दाखविणाऱ्यांची जी परंपरा आहे ती रॉकपेक्षा फार जुनी आहे. सतराव्या शतकात शहाजीराजांचे ठाणे बेंगळूरला होते. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा नाशिकाकडचा कवी गेला, त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले, आणि ते कशाचे असे विचारता आपण बारा भाषांत कविता करतो असे सांगितले, अशी कथा आहे. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला. त्या दरबारात आधीच अनेक भाषांचे कवी आपापली जागा धरून बसलेले होते. नवख्याने अशा ठिकाणी काय करावे? जयरामाने आपल्याजवळ असलेले सगळे एकदम पुढे मांडले. त्याला अर्धा तास मिळाला होता की घटकाभर, कोण जाणे.

‘परिक्रमा’पाशी काय होते? इंग्रजीत गाणारा, पाश्चात्य वाद्ये वाजविणारा भारतीय बँड ब्रिटिश श्रोत्यांच्या दैवताच्या आधी उभा राहतो, तेव्हा त्याच्यावर दोन्हीकडून प्रश्न येतात. एक म्हणतो, हे त्यांचेच त्यांना ऐकवून काय उपयोग? दुसरा म्हणतो, हे आपले नव्हेच, मग आपण का ऐकावे? ‘परिक्रमा’ने या दोहोंना उत्तर आपल्या ढंगाने फार पूर्वी दिले होते. त्यांचे ‘बट इट रेन्ड’ हे गाणे काश्मीरमधील अपहरणांच्या पार्श्वभूमीवर, वाट पाहणाऱ्या माणसांच्या मनातून रचलेले आहे. भाषा इंग्रजी आणि चाल रॉकची. पण ज्या दाराकडे डोळे लागलेले आहेत ते दार इथलेच. गिटारीच्या बरोबरीने वाजणारे व्हायोलिनही कर्नाटकाच्या राजधानीत कुणाला परके वाटण्याचे कारण नव्हते. इथल्या गायन समाजात ते रोज वाजते.

मैफलीचा त्या दिवसापुरता हिशेब एवढाच, की मुख्य बँड आला, मैदान त्याचे होऊन गेले आणि लोक घरी परतले. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या खाणावळींत चर्चा आयर्न मेडनची झाली असणार, यात नवल नाही. पण पूर्वरंगी बँडचा एक श्रोता प्रेक्षकांत नसतो. तो मंचाच्या बाजूला, पडद्याआड, हात बांधून उभा असतो. मुख्य बँडचे वादक, त्यांचे व्यवस्थापक, ध्वनिवाले अशी ती मंडळी. त्यांच्यासाठी तो रोजचा धंदा. म्हणून त्यांचे कान निर्विकार असतात आणि म्हणूनच त्यांची मान हलली तर तिला मोल असते. बेंगळूरच्या त्या अर्ध्या तासातून ‘परिक्रमा’ला आयर्न मेडनच्या गोटातून इंग्लंडचे निमंत्रण आले. तीन महिन्यांच्या आत, जून २००७ मध्ये, डॉनिंग्टन येथील डाउनलोड महोत्सवात हा दिल्लीचा बँड वाजविण्यास गेला. मोटारींच्या शर्यतींचा हा मार्ग १९८० पासून जड रॉकच्या चाहत्यांचे पंढरपूर होऊन बसला आहे. त्या वर्षीच्या महोत्सवाच्या अखेरच्या दिवशी, १० जूनला, शेवटचा मान आयर्न मेडनचाच होता. ‘परिक्रमा’चे स्थान डॉनिंग्टनलाही पूर्वरंगाचेच, फक्त मैदान साता समुद्रांपलीकडचे.

येथे एक बोचणारी गोष्ट लपवून चालणार नाही. बीटल्सच्या बाबतीत तीन महिन्यांत जागा बदलली. आयर्न मेडनने १९८० साली पहिली पायरी चढली आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या आधी वाजविण्यास दुसरे बँड येऊ लागले. भारतीय बँडच्या शिडीला मात्र पायऱ्या मोजक्या आहेत. सोळा वर्षांचा अनुभव घेऊन तो आपल्याच देशात, आपल्याच लोकांपुढे, परदेशी पाहुण्याच्या आधी उभा राहतो. आणि पाहुणा गेला की पुन्हा महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन. घरच्यांनी पंगतीत मागे राहायचे ही आपली रीत आहे खरी. पण ती लग्नघरापुरती ठीक. जन्मभर वाढपी राहावे अशी कोणाची इच्छा नसते.

याला अपवाद ठरेल असे एक ठिकाण मुंबईत होते. धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. तिथे पहिला बँडही देशी आणि शेवटचाही देशी. रॉक मशीनसारखा मुंबईचा बँड, ज्यात उदय बेनेगल गात असे आणि महेश तिनईकर गिटार वाजवीत असे, तो मानकरी. आणि त्याच्या आधी उन्हात वाजविणारी महाविद्यालयीन मुले आज ना उद्या त्याची जागा घेण्याची आशा बाळगून असत. ती आशा हास्यास्पद नव्हती. सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि कामा रुग्णालय यांच्या सान्निध्यामुळे रंगभवन शांतता क्षेत्रात आले आणि तिथला गजर थांबला. रुग्णाच्या झोपेपेक्षा गिटार मोठी आहे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, की जागा बंद झाली तेव्हा तिच्या बदली दुसरी जागा कोणी दिली नाही.

बेंगळूरची स्थिती थोड्याफार फरकाने तीच. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना सक्तीचा करणारा २००५ सालचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये उचलून धरला, आणि त्या वर्षी शहरातल्या कित्येक उपाहारगृहांतले जिवंत वादन एकाएकी बंद पडले. जिथे दीडशे माणसांपुढे चूक करता येते, गाणे फसले तर पुढच्या आठवड्यात सुधारता येते, अशा लहान जागा आटल्या, की मग उरते ते एक तर भाड्याच्या घरातला कोपरा, नाही तर एकदम हजारोंचे मैदान. मधली पायरीच नाही. पूर्वरंगाच्या त्या अर्ध्या तासावर वाजवीपेक्षा जास्त भार पडतो तो यामुळे.

तो भार किती नाजूक खुंटीला टांगलेला असतो हे २०११ साली दिसले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मेटालिका हा अमेरिकन बँड भारतात आला. पहिली मैफल शुक्रवारी, २८ तारखेला, दिल्लीजवळच्या गुडगावला व्हायची होती. मंचापुढचा कठडा मोडला, कार्यक्रम पुढे ढकलल्याचे जाहीर झाले, चिडलेले लोक मंचावर चढले, सामानाची मोडतोड झाली आणि अखेर मैफल रद्द झाली. आयोजकांपैकी काहींना अटक झाली. वृत्तपत्रांनी मेटालिका आली नाही एवढे छापले. ज्यांनी मेटालिकाच्या आधी वाजवायचे होते त्यांच्याविषयी लिहायला कोणाला सवड नव्हती. मुख्य बँडची मैफल रद्द झाली तर ती दुसऱ्या शहरी होते. पूर्वरंगी बँडचा बुडालेला अर्धा तास पुन्हा येतोच असे नाही.

दोन दिवसांनी, रविवारी ३० तारखेला, बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मात्र मैफल पार पडली. स्कॉटलंडचा बिफी क्लायरो हा बँड पाहुण्यांबरोबर होता, आणि शहराच्या वतीने उभा राहिला तो इनर सॅन्क्टम. हा बेंगळूरचाच बँड, स्थापना २००७ ची, म्हणजे आयर्न मेडन ज्या वर्षी आला त्याच वर्षाची. चार वर्षांपूर्वी ज्या मैदानाने आयर्न मेडनचा गजर ऐकला, त्याच मैदानावर त्या वर्षी जन्मलेला बँड चढत होता. मेटालिकाही १९८६ साली ऑझी ऑझ्बर्नच्या आधी अमेरिकाभर वाजवीत हिंडलेली. जेम्स हेटफिल्डने त्या दौऱ्यात मनगट मोडून घेतले, तरी तो हात गळ्यात बांधून गात राहिला, गिटार दुसऱ्याच्या हाती देऊन.

इनर सॅन्क्टमचे संगीत कर्कश आहे. नादमधुर संगीतावर वाढलेल्या कानाला ते पहिल्या ऐकण्यात रुचणार नाही, आणि ते रुचावे म्हणून त्यांनी काही केलेलेही नाही. पूर्वरंगी बँडपुढे एक मोह नेहमी असतो. मुख्य बँडच्याच चालीचे, लोकांच्या ओळखीचे काही वाजवून टाळ्या घ्याव्यात. अर्धा तास सुखरूप पार पडतो. मैफलीनंतर कोणाला बँडचे नाव मात्र आठवत नाही. दुसरा मार्ग स्वतःचे गाण्याचा. त्यात पहिली दोन गाणी समोर भिंत असते. तिसऱ्याच्या सुमारास, जमले तर, पुढच्या रांगेतली दहा-वीस डोकी तालावर हलू लागतात. हजारोंच्या मैदानात दहा-वीस म्हणजे काहीच नव्हे. पण ती डोकी दुसऱ्याच्या पुण्याईवर हललेली नसतात. इनर सॅन्क्टमचा ‘लीजन्स अवेक’ हा संग्रह २०१५ साली निघाला, मेटालिकाच्या त्या रात्रीनंतर चार वर्षांनी. एवढा काळ दुसऱ्याच्या मैफलीची आठवण पुरत नाही, स्वतःची गाणीच लागतात.

‘परिक्रमा’चा गिटारवादक सोनम शेर्पा १४ फेब्रुवारी २०२० रोजी वारला. त्याच्याविषयी जे लिहिले गेले त्यात डॉनिंग्टनचा उल्लेख आला, आयर्न मेडनचा आला. ज्या बँडने जवळजवळ तीन तपे आपल्या बळावर वाजविले, त्याची ओळख करून देताना लेखणी अजून त्या अर्ध्या तासाकडे वळते. यात मान किती आणि अन्याय किती, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा.

इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिका जाते. पाठीवर गिटारीची लांब पिशवी घेतलेली मुले आता तिच्या डब्यातही दिसतात. पिशवी दारात अडकते, माणसे सरकून जागा देतात. मैफलीच्या दिवशी त्यांना दुपारी दोनलाच मैदानावर बोलावलेले असते आणि साडेपाचला मंचावर चढवितात. सहाला त्यांचे संपते. मग तारा गुंडाळायच्या, झांजा पिशवीत घालायच्या, अँप्लिफायर दोघांनी धरून लाकडी उतारावरून खाली न्यायचा. ते उतारावर असतानाच मागे दोन कामगार ओट्यावर चढतात आणि ड्रमसेटवरचे काळे कापड ओढून घेतात, आणि मैदानातून त्या सायंकाळची पहिली मोठी गर्जना उठते. उतारावरची मुले तेवढ्यापुरती थांबतात, मागे वळून पाहतात आणि मग अँप्लिफायरचा कोपरा पुन्हा नीट धरतात.